आईच्या कानातली सलगी

गौरी यायला तीन आठवडे होते आणि माझी आई गॅलरीत उभी राहून मंजूमावशीशी फोनवर हसत होती.

आमच्या नात्यातल्या कुणालाही हे सांगितलं असतं, तर त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आई आणि मंजूमावशी सख्ख्या बहिणी. सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कुणाच्या लग्नात समोरासमोर आल्याच, तर आई बुफेच्या रांगेतून निघून जायची आणि मावशी मुद्दाम त्याच रांगेत जाऊन उभी राहायची. आणि आज आई विचारत होती, “मंजू, गुडघा कसाय गं आता?”

गुडघा? मावशी सोलापुरात, आम्ही कोल्हापुरात. तिचा गुडघा दुखतो हे आईला सांगितलं कुणी?

आईनं फोन ठेवला तशी मी दारात आडवी उभी राहिले.

“कोण होतं?”

“मंजू.”

“आपली मंजूमावशी?”

“नाही, बाजारात कोथिंबीर विकते ती! अगं आपलीच. बोलतोय आम्ही हल्ली. यंदा गौरीला बोलावलंय तिला.”

“आणि ती येणार?”

“येते म्हणाली.”

मी नाचले. खरंच नाचले, गॅलरीतल्या गॅलरीत, खालच्या वॉचमनकाकांनी वर बघेपर्यंत. मावशी म्हणजे नाद खुळा बाई! फुगडी घालायला लागली की समोरचीला चक्कर येईपर्यंत सोडत नाही. मी लहान होते तेव्हा तिनंच मला हात सोडून सायकल शिकवली होती, आईपासून लपवून.

पण नाचून झाल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आईचं ते बोलणं मला खटकलं होतं. शब्द नाही, थांबे.

थांब्यांचं सांगते. नववीपर्यंत चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे तळहात ओले व्हायचे. यंदा आमच्या कुलकर्णी मॅडमनी धरून धरून मला आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं आणि मी पहिली आले. पहिली! मॅडमनी एकच गोष्ट घोटून घेतली होती : माणूस काय बोलतो त्यापेक्षा कुठे थांबतो ते ऐक. तेव्हापासून मला सगळ्यांचे थांबे ऐकू येतात. बाबांचे ऐकू येतात (ते जहाजावर असतात, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात अर्धे थांबे समुद्राचे). आईचे तर पाठच होते. आई उत्तर द्यायच्या आधी किंचित अडखळते, जिभेनं दात चाचपल्यासारखी. मावशीशी बोलताना ते अडखळणं गायब होतं. फोनमधून बाहेर येणारा मावशीचा आवाज थांबतोय न थांबतोय तोच आईचं उत्तर हजर.

हे कुठे ऐकलंय मी? तिच्या ऑफिसच्या फोनवर.

आई गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, अक्षयधारा पंप्स नावाच्या कंपनीत इनसाइड सेल्सला आहे. फिरतीवरची माणसं गाडी घेऊन गावोगाव हिंडतात, आई खुर्चीत बसून फोनवर पंप विकते. कुणाला पंप लागू शकेल ते हुडकायचं, अशा माणसाला हे लोक लीड म्हणतात. मग त्याच्याशी बोलत राहायचं, कोटेशन पाठवायचं, तो विसरला की आठवण करायची, चिडला की समजूत काढायची. आई या कामात एक्का. तिचे दोन नियम मला लहानपणापासून माहीत आहेत. पहिली दोन मिनिटं पंपाचं नाव काढायचं नाही. आणि वाईट बातमी कधी नुसती द्यायची नाही, उपाय हातात आला की मगच फोन लावायचा.

गेल्या वर्षी कंपनीनं या लोकांना ‘सलगी’ दिली.

सलगी म्हणजे मसुराच्या दाण्याएवढं एक यंत्र. कानामागच्या हाडाला चिकटतं आणि हाडातूनच आवाज पोचवतं, त्यामुळे शेजारी बसलेल्यालाही काही कळत नाही. त्यामागचं विज्ञान मला आईनंच समजावलं होतं, तेव्हा ती फार खुशीत होती. दोन माणसं बोलत असताना एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांच्यामध्ये एक फट असते. इतकी बारीक, की तेवढ्यात विचार करून उत्तर जुळवणं मेंदूला शक्यच नाही. म्हणजे समोरच्याचं वाक्य कुठे संपणार ते आपण आधीच ओळखलेलं असतं. जवळच्या माणसांत ते ओळखणं अचूक असतं, म्हणून फट लहान असते, कधी कधी तर वाक्यं एकमेकांच्या अंगावर चढतात. मन दुरावलं की फट रुंद होते. हे काही कुणी ठरवून करत नाही. म्हणून मग संशोधकांनी लाखो संभाषणं तपासून गणित बसवलं : फट मोजा, श्वास मोजा, वाक्याच्या शेवटी आवाज किती उतरतो ते मोजा, आणि दोन माणसांत जवळीक किती आहे ते शंभरपैकी सांगा.

आता एखादी गोष्ट मोजता आली की ती वाढवायचं यंत्र कुणीतरी काढणारच. सलगी समोरच्याचं वाक्य संपायच्या किंचित आधी कानात ‘टिक्’ करते. टिक् झालं की बोलायला लागायचं. फट बरोब्बर जवळच्या माणसाएवढी पडते आणि समोरच्याच्या मेंदूला वाटतं, हे तर आपलं माणूस! शिवाय काय विचारायचं, कुठला विषय टाळायचा, तेही ती कुजबुजते. आईची विक्री त्या वर्षी दुप्पट झाली. सरनोबत सर, म्हणजे तिचे साहेब, तिला आता बिझनेस डेव्हलपमेंटची प्रमुख करणार असं बोलू लागले. एक मोठी ऑर्डर आणा मृणालताई, म्हणाले, की खुर्ची तुमची.

तर मी सापळा लावला.

संध्याकाळी आई कणीक मळत होती. मी ओट्यावर चढून बसले आणि मॅडमनी शिकवलेला खोटा थांबा वापरला. आवाज असा उतरवला की वाक्य संपलंच.

“आई, आज शाळेत माझं फार कौतुक झालं.”

“अरे वा! कशाबद्दल गं?” अगदी टिक्‌बरहुकूम. वाक्य पुरतं हवेतून खाली यायच्या आत.

“असं मला रात्री स्वप्न पडलं होतं. प्रत्यक्षात ओरडा बसला.”

यात कुणीही फसलं असतं, मान्य. पण आई फसल्यावर तिचा कणकेनं भरलेला हात पटकन कानामागे गेला, डास चावल्यासारखा. तिथे कणकेचा ठिपका राहिला.

“तू माझ्याशी बोलतानापण सलगी लावतेस?”

“काढायची राहिली गं. दिवसभर असते ना.”

“आणि मावशीशी बोलताना? ती पण राहिली?”

आई परातीत कणीक उलटीपालटी करत राहिली. आणि त्या थांब्यात मला जे ऐकू आलं ते मला मुळीच आवडलं नाही.

त्या दिवसापासून मी आईवर पाळत ठेवायला लागले. तिनं “दमलीस का?” विचारलं की मी तिच्या कानाकडे बघायची. जवळ घेतलं की तिचे केस बोटांनी मागे करायची. “डोकं दाबून देतेस होय?” म्हणून तिला बरं वाटायचं, आणि मला स्वतःची शरम वाटायची, पण हात थांबायचा नाही. एकदा तिनं माझा निबंध वाचून “सुंदर लिहिलंयस” म्हटलं आणि मी चक्क म्हणाले, “हे तू म्हणतेस की ती?” आईचा चेहरा असा झाला की मला तिथून निघून जावं लागलं.

पण खात्री कशी करणार? खात्री करायची तर ऐकायलाच हवं.

रविवारी सकाळी आई न्हायला गेली होती. सलगी आरशापुढे टिकल्यांच्या पाकिटाशेजारी पडलेली. तिचा फोन वाजला. मंजू. मी दाणा उचलून कानामागे दाबला आणि फोन घेतला. फोनवर माझा आणि आईचा आवाज इतका सारखा, की बाबासुद्धा फसतात. यंत्र काय चीज आहे!

“ताई?”

“मावशी, मी कृतिका. आई न्हायला गेलीय.”

“कृतू! किती मोठ्या बाईसारखा आवाज झालाय गं तुझा!”

टिक्. मग हाडातून एक गोड, शांत बाईचा आवाज आला. जवळीक एकाहत्तर. गुडघ्याची चौकशी करा.

मी गुडघ्याचं विचारलं नाही. “तू येतेयस ना नक्की?” म्हटलं.

“येते म्हणजे काय! बॅग भरून तयार आहे, पोरगं राहील बापापाशी. सासूबाई दर गौरीला म्हणतात, हिला कोण बोलावणार, हिचं माहेर आबांबरोबर गेलं. यंदा पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर सांगितलं, मी चालले ताईकडे, विसर्जन करूनच येईन. ताईला जांभळी इरकल घेतलीय, सांगू नकोस हां तिला.” मावशीचा आवाज जरा ओला झाला. “खरं सांगू कृतू? मला वाटलंच नव्हतं ती कधी फोन करेल.”

भावना तीव्र आहेत, ऐकून घ्या, ती गोड बाई म्हणाली. वडिलांचा विषय टाळा. रणजित यांच्या कंपनीतील खरेदीचा उल्लेख आज नको. पूजनाच्या दिवशी, जेवणानंतर. होकाराची शक्यता तेव्हा सर्वाधिक.

वडील म्हणजे आबा, माझे आजोबा. रणजित म्हणजे मावशीचे यजमान. आमचे रणजितकाका. शहरांना पाणी पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत आहेत.

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. आई डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तेव्हा मी तो दाणा तळहातावर धरून तिच्यापुढे उभी होते.

“मावशी लीड आहे?”

आई पलंगावर बसली. दाणा परत घेण्यासाठी तिनं हात पुढे केला नाही, नाहीही म्हणाली नाही.

“आम्हा सगळ्यांचे फोनमधले नंबर कंपनीनं मागितले होते,” ती म्हणाली. “कुणाच्या ओळखीतून कुठल्या कंपनीत शिरता येईल ते सलगी शोधते. मी मान्य आहे म्हणून दाबलं. सगळ्यांनीच दाबलं. एक दिवस पडद्यावर मंजूचं नाव आलं. रणजितराव खरेदीचे प्रमुख झालेत. दुरावलेलं नातं, दुरुस्त होण्याजोगं, असं खाली लिहिलेलं.”

“दुरुस्त! पंप आहे का ती?”

“पहिला फोन मी त्यासाठीच केला, कृतू. खोटं नाही बोलणार.”

“आणि नंतरचे?”

तिनं डोक्याचा टॉवेल सोडून मांडीवर घेतला. “ते मला सांगता येत नाही. मी हसते तेव्हा मलाच कळत नाही, की मला हसू आलं की टिक् झालं म्हणून हसले.”

“मग तिला खरं सांग.”

“वेडी आहेस? ती परत तोंड बघणार नाही माझं.”

“मग निदान गौरीच्या दिवशी लावू नकोस.”

“न लावता मला तिच्याशी बोलता येत नाही!” आई एकदम ओरडली. “मागच्या वर्षी लावला होता मी फोन, यंत्राशिवाय. तिनं हॅलो म्हटलं आणि माझी वाचाच बसली. ठेवून दिला.”

पंपांची ऑर्डर मिळाली तर आई प्रमुख होणार. मावशीला कळलं तर तिचं माहेर गेलं, या वेळी कायमचं. आणि सगळं नीट पार पडलं तर मला मावशी मिळणार, पण कुठली मावशी, आणि कुठल्या आईची?

मावशी गौरी आणायच्या दिवशीच आली. तेरड्याची गौर घेऊन आम्ही दारात उभ्या, तिनं आमच्या पायांवर पाणी घातलं, जणू घर तिचंच. रात्रभर झिम्मा, फुगडी. गुडघा दुखत असूनही ऐकेना. आईच्या अंबाड्यात भरगच्च गजरा होता, कानांवरून खाली आलेला. मला त्या गजऱ्याचा राग येत होता. दोघी इतक्या छान बोलत होत्या, की मला एकही वाक्य खरं वाटेना. मध्येच वाटलं, मावशीच्या कानामागे तरी काय आहे कुणास ठाऊक! तिनं पदर सावरताना मी चोरून बघूनही घेतलं. काही नव्हतं.

पूजनाच्या दिवशी पुरणपोळी. पंगतीला आम्ही तिघीच. मावशीनं पोळी दुधात बुडवली आणि म्हणाली, “आबा कसा काला करायचे ना गं ताई? वाटीभर दूध, पोळी कुस्करून. आई ओरडायची.”

आईच्या हातातली तुपाची लोटी हवेत थांबली. मला ती टिक् ऐकू येत नव्हती, पण दिसली. आईच्या मानेची शीर हलली. ती गोड बाई सांगत असणार, विषय बदला.

“गौरीची साडी…” आई म्हणाली. मग थांबली. लोटी खाली ठेवली, गजऱ्याखाली बोट घातलं आणि तो दाणा काढून मावशीच्या ताटात मिठाशेजारी ठेवला.

“हे काय?” मावशी म्हणाली.

आईनं सांगितलं. काय वाईट सांगितलं! जी बाई दिवसाला पन्नास माणसांना गोड बोलून गुंडाळते, तिचं एक वाक्य सरळ येईना. पडदा, नाव, रणजितराव, ऑर्डर, सगळं उलटसुलट. मावशी दाण्याकडे बघत होती. तिचा थांबा इतका लांबला, की मला त्याचा अर्थच लागेना.

“गुडघ्याचं मी कुणालाही बोलले नव्हते,” शेवटी ती म्हणाली. “फक्त गुडघ्याचा पट्टा मागवला होता, ऑनलाइन. तू पहिल्याच दिवशी विचारलंस तेव्हाच माझ्या मनात आलं, हे ताईचं नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“फोन ठेवला असतास.”

आई रडायला लागली. मावशीला ते आवडलं नाही. “रडू नकोस, बोल! आबांच्या वेळी पण असंच केलंस. आठ दिवस दवाखान्यात होते, आणि मला…”

“तुला आठवा महिना होता, डॉक्टर म्हणाले होते…”

“डॉक्टरांचं सांगू नकोस! तू ठरवलंस…”

“जरा बरे झाले की कळवणार होते गं! रोज वाटायचं, उद्या सांगू, उद्या काहीतरी चांगलं सांगता येईल…”

“मी तुझं गिऱ्हाईक होते का? चांगली बातमी जुळवून मग फोन करायला? वडील होते ते माझे! राख बघितली मी, ताई, राख!”

दोघी एकाच वेळी बोलत होत्या. वाक्यं एकमेकींच्या अंगावर चढत होती, तोंडात घास, डोळ्यांत पाणी, कटाची आमटी गार. ताटातला तो दाणा हे सगळं ऐकून किती आकडा दाखवत असेल कुणास ठाऊक.

मग मावशीनं पदरानं नाक पुसलं. “विचार आता.”

“काय?”

“ज्यासाठी बोलावलंस ते. विचार.”

“नको गं.”

“विचार म्हणते ना!”

आईनं माझ्याकडे बघितलं. “रणजितरावांच्या कंपनीला,” ती चाचरत म्हणाली, “आमचे पंप… म्हणजे एकदा कोटेशन द्यायला… तू शब्द टाकशील?”

“नाही,” मावशी म्हणाली.

तिनं उरलेली पोळी संपवली. दूध वाढून मागितलं आणि आबांसारखा काला करून तोही खाल्ला. सणाच्या दिवशी भरल्या ताटावरून उठली नाही एवढंच. हात धुऊन तिनं बॅग आणली. जांभळी इरकल गौरीपुढे ठेवली, आईच्या हातात नाही.

“विसर्जनापर्यंत राहणार होतीस,” मी म्हटलं.

“होते,” ती म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

आई गाडीपर्यंत गेली. “पोचलीस की फोन कर.”

“बघू.”

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनीच गौर पोचवली. पुढच्या आठवड्यात आईनं ऑफिसात सलगीतून मंजूचं नाव काढायला लावलं. सरनोबत सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून बराच वेळ समजावलं आणि खुर्ची शेजारच्या टेबलवरच्या भोसलेंना दिली. आईनं पेढे वाटायला भोसलेंना मदत केली म्हणे. मी विचारलं, वाईट वाटलं का? ती अडखळली, आणि म्हणाली, “हो.” मला ते अडखळणं फार फार आवडलं, पण तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी ती फोन मांडीवर घेऊन बसायची. मावशीचा नंबर काढायची, ठेवायची. मी म्हणायची, “लाव ना.” ती म्हणायची, “काय बोलू?” मी म्हणायची, “काहीही!”

नवरात्राच्या आधीच्या रविवारी मी दप्तर लावत असताना फोन वाजला. माझा. आईचा नाही.

“कृतू, मावशी बोलतेय. आई आहे?”

“आहे! आहे ना, थांब, देते…”

“देऊ नकोस. आधी तिचा कान बघ.”

मी आईजवळ गेले आणि काही न बोलता तिचे केस मागे केले. आईला फोनवर कोण आहे ते कळलं. तिनं मान खाली घातली आणि आधी एक कान दाखवला, मग आपणहून वळून दुसरा.

“रिकामे आहेत गं मावशी. दोन्ही.”

“नीट बघितलंस?”

“नीट बघितलं.”

“दे मग.”